बरणीतलं पाणी

माझ्या सासरच्या पडवीत काचेच्या बरण्यांची एक रांग असे. त्यात लोणची नव्हती. विहिरीचं पाणी काठोकाठ भरून त्यात सोनचाफ्याची फुलं बुडवून ठेवलेली असत. पाण्यातून पाहिलं की फूल असतं त्याहून मोठं दिसतं, आणि नीट राखलं तर बरेच दिवस पिवळंधमक राहतं. नीट राखणं म्हणजे रोज सकाळी पाणी बदलणं. हे काम माझे भावजी, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, स्वतः करत. बायका, गडी, पाहुणे, कुणालाही त्या बरण्यांना हात लावायची परवानगी नव्हती. जुनं पाणी केळीच्या बुंध्याशी ओतायचं, फुलं तळहातावर घ्यायची, बरणी विसळायची, ताजं पाणी भरायचं आणि फुलं एकेक करून परत सोडायची. मग चहा.

वसईजवळच्या निर्मळ गावातल्या त्या वाडीत केळी व्हायची, भाजी व्हायची, पण घराची ओळख होती ती फुलांची. दादरच्या बाजारात भावजींची फुलांची पाटी उघडली आणि माल कोमेजलेला निघाला असं कधी झालं नाही, हे वाक्य लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात मी इतक्या जणांकडून ऐकलं की उखाण्यात नवऱ्याच्या नावाऐवजी तेच घ्यावं असं वाटू लागलं. पुढे मीच ते वाक्य पाहुण्यांना ऐकवायला लागले. सासरचा अभिमान असा नकळत अंगी मुरतो.

मी मुंबईतली. माहेर मूळचं कोकणातलं, घरात सगळे नोकरदार, फुलं काय ती पुडीतून येणारी. मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होते. नवराही मुंबईत नोकरीला. वाडीवरून रोजची ये-जा जमेना म्हणून आम्ही आचोळ्यात फ्लॅट घेतला आणि रविवारी निर्मळला जाण्याचा रिवाज ठेवला. त्या घरात आपापसात त्यांची बोली चाले. मी आत पाऊल टाकलं की सगळे पुस्तकी मराठीवर येत, जणू शाळा तपासायला साहेब आलेत. जाऊबाई, भावजींच्या पत्नी, मला ‘लायब्ररी’ म्हणत.

“लायब्ररी आली गं, चहा टाका. आणि शांत बसा, आवाज चालत नाही तिला.”

सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच असे.

ही गोष्ट त्यांची आहे. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. जाऊबाईंना नुकती चाळिशी लागली होती. भाद्रपदात एका रविवारी गणपतीचे हार गुंफता गुंफता त्यांनी मला खुणेनं आतल्या खोलीत बोलावलं, माझा हात धरला आणि स्वतःच्या डाव्या छातीवर ठेवला. चाफ्याच्या कळीएवढं काहीतरी कडक हाताला लागलं.

“हे कधीपासून, वहिनी?”

“पावसाआधीपासून. दुखत नाही.”

“उद्या डॉक्टरकडे चला.”

“उद्या? गणपतीत? वेडी का तू. हार कोण करणार, तुझी पुस्तकं?”

गणपती गेले, नवरात्र आलं. फुलांच्या घरात नवरात्र म्हणजे परीक्षेचा आठवडा. मग दसरा, मग दिवाळी. मी दर रविवारी ओरडत राहिले आणि त्या दर रविवारी मला पुढच्या सणाचं नाव सांगत राहिल्या. अखेर वसईतल्या सर्जननी तपासलं तेव्हा ती कळी लिंबाएवढी झाली होती.

“बाई, इतके दिवस काय केलंत?” सर्जननी विचारलं.

“मी गाठीला म्हटलं होतं दिवाळीपर्यंत थांब. थांबली नाही.”

सर्जन हसले नाहीत. त्यांचा तो प्रश्न रोजचा असावा. आधी त्यांनी गाठीतला छोटासा तुकडा काढून औषधी पाण्याच्या बाटलीत घातला आणि तपासायला द्या म्हणून माझ्या हातात दिला. मी तो आमच्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेऊन दिला. मी ग्रंथपाल, दिलेली वस्तू दिलेल्या स्थितीत परत पोचवणं एवढंच मला येतं. बाटलीकडे मी वाटेत पाहिलंसुद्धा नाही. निकाल ज्याची भीती होती तोच आला. मग वसईतच ऑपरेशन झालं आणि स्तन काढून टाकला गेला.

ऑपरेशननंतर एक मोठी प्लास्टिकची बरणी भावजींच्या हातात आली. तेव्हा तीच पद्धत होती. पेशंट आत, आणि पेशंटच्या शरीरातून काढलेलं नातेवाइकांच्या हातात. मुंबईतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेचा पत्ता देऊन “हे तिथे पोचवा” असं सांगितलं गेलं. पण तो शनिवार होता. मग रविवार, आणि त्याला जोडून कसलासा बंद आला. बरणी घरी आली. मी दवाखान्यात जाऊबाईंच्या उशाशी होते. घरी काय चाललं आहे ते मला ठाऊक नव्हतं.

काही आठवड्यांनी रिपोर्ट आला तेव्हा जाऊबाईंची केमो सुरू झालेली होती. त्यातली एक गोष्ट समजावून सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. छातीतल्या काही गाठी बाईच्या शरीरातल्या हार्मोनवर पोसल्या जातात. त्या पेशींवर हार्मोन धरून ठेवणारे रिसेप्टर असतात, म्हणजे हार्मोनला बसायच्या जागा. तशी गाठ असेल तर रोज एक गोळी काही वर्षं घ्यायची. ती गोळी त्या जागा अडवते, आणि गाठ परत यायची शक्यता बरीच कमी होते. तशा जागा नसतील तर गोळीचा उपयोग नाही. जाऊबाईंच्या रिपोर्टात लिहिलं होतं, रिसेप्टर नाहीत.

“म्हणजे गोळी नाही,” सर्जन म्हणाले. “केमो पूर्ण करू, किरणांचा शेक देऊ, आणि मग बघत राहायचं.”

“नुसतं बघत?” भावजींनी विचारलं.

“आपल्याकडच्या बायकांच्या गाठी अशाच असतात हो. पाश्चात्त्य बायकांच्या गाठींना रिसेप्टर असतात, त्या म्हाताऱ्या वयात होतात, हळू वाढतात. आपल्याकडे लवकर होतात, मोठ्या होतात, आणि रिसेप्टर नसतात. वेगळीच जात.”

बाहेर आल्यावर जाऊबाई डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, “गाठीतसुद्धा आपल्या वाट्याला हलकीच आली म्हणायची.” हसल्याही. पण रिक्षात बसल्यावर त्यांनी माझा हात धरला तो निर्मळ आलं तरी सोडला नाही. त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाचं वय व्हायला अजून बरीच वर्षं होती, आणि ती वर्षं आता मिळतील की नाही हा प्रश्न आमच्यामधल्या सीटवर बसून घरी आला.

‘वेगळीच जात’ हे वाक्य मला नवं नव्हतं. आमच्या कॉलेजात ते खूप चाले. ग्रंथालयातली जाडजूड पुस्तकं परदेशी, आणि त्यातली कर्करोग झालेली बाई साठीपुढची, पांढऱ्या केसांची. वॉर्डातल्या बायका मात्र कडेवर मूल असलेल्या. ही तफावत खरी होती आणि ती पाहायला प्रोफेसर असण्याची गरज नव्हती. पण काही प्रोफेसर ती अशा थाटात सांगत की गाठीलाही कूळ आणि गोत्र असावं. “आमच्या रुग्णांचा आजार निराळा,” असं म्हणताना त्यांचा आवाज थोडा भारदस्त होई. निराळ्या आजाराचा तज्ज्ञही निराळा ठरतो, हे त्यामागचं साधं गणित. परिषदेला जाताना ते माझ्याकडून परदेशी लेखांच्या झेरॉक्स मागून नेत आणि येताना एक शाल आणत. शालीची ऊब लेखापेक्षा जास्त टिकते.

मी झेरॉक्स काढता काढता वाचायची. ही सवय वाईट, पण ग्रंथपालाला दुसरं व्यसन परवडत नाही. जाऊबाईंच्या रिपोर्टनंतर मी त्या विषयावरचं हाती लागेल ते वाचलं. अर्धं समजलं नाही. जे समजलं त्यातली एक शंका डोक्यात अडकली. आपल्या देशात तरुण माणसंच जास्त, तेव्हा कुठल्याही आजाराचे रुग्ण मोजले तर त्यांचं सरासरी वय कमीच येणार. गाठी मोठ्या दिसतात, कारण बायका दिवाळी करून येतात. हे दोन्ही फरक रक्तातले नव्हते. एक शिरगणतीतला, दुसरा कॅलेंडरमधला. मग तिसरा, रिसेप्टरचा, कशातला?

हे विचारायला मी आमच्या पॅथॉलॉजीच्या मॅडमकडे गेले. निवृत्तीला आलेल्या होत्या. त्यांच्या खोलीला फॉर्मालिनचा, शरीराचे तुकडे टिकवायच्या औषधाचा, डोळे चुरचुरवणारा वास येई, म्हणून तिकडे कुणी फिरकत नसे, आणि त्यांना ते आवडे. माझं बोलणं ऐकून त्या म्हणाल्या, “हुशारी दाखवायला आलीस की काम आहे?”

“जाऊबाईंचा रिपोर्ट आहे.”

“मग रिपोर्ट नको. त्या लॅबमधून काचपट्ट्या आण.”

आणल्या. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, मला बसवलं आणि पाहायला लावलं. मला फिक्या निळ्या धुक्याशिवाय काही दिसलं नाही.

“काय दिसतं?”

“काही नाही.”

“बरोबर. हीच अडचण आहे. रिसेप्टर असले की ह्या तपासणीत पेशी तपकिरी रंगते. गाठीच्या पेशी कोऱ्या आहेत, मान्य. पण ह्या कडेला दुधाच्या नळ्या आहेत, चांगल्या, निरोगी. त्यात थोड्या तरी पेशींनी तो रंग घ्यायलाच हवा होता. निरोगी बाईलाही हार्मोन असतात ना? त्यासुद्धा कोऱ्या. मग रंग गाठीने नाकारला की सगळ्या तुकड्याने?” त्यांनी चष्मा काढला. “हे मांस नासलंय. फॉर्मालिनमध्ये वेळेवर मुरलं नाही. बरणीचं काय केलंत तुम्ही घरी?”

“काही नाही. तशीच ठेवली असणार.”

“जा, विचारून ये.”

त्या रविवारी मी निर्मळला गेले. भावजी पडवीत पाट्यांना केळीची पानं लावत होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. त्यांचा चेहरा उजळला. इतक्या आठवड्यांत त्या विषयावर कुणी त्यांचं कौतुक करायला आलं नव्हतं.

“मी नीट ठेवली होती. त्यातलं पाणी खराब झालेलं, लाल झालेलं, वास तर असा की डोळ्यांतून पाणी काढी. दवाखानेवाल्यांना काय पडलंय? मी विहिरीचं ताजं पाणी भरलं. गोणपाट भिजवून गुंडाळलं, सावलीत ठेवली. रोज सकाळी पाणी बदललं.” ते थांबले. पुढचं हळू म्हणाले. “तिचं अंग आहे. नासू कसं देणार?”

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. चिडायला हवं होतं. चीड आली नाही. काढून टाकलेल्या त्या अवयवाकडे घरातलं कुणी पाहायला धजावलं नसतं, आणि हा माणूस रोज सकाळी चाफ्याच्या बरण्यांच्या शेजारी तीही बरणी घेऊन बसत होता. त्यांच्या घराण्याने पिढ्यान्पिढ्या ज्या हाताने फुलं जगवली, त्याच हाताने. फुलांच्या घरातच होऊ शकेल अशी ही चूक होती. आणि त्या वासानेच, त्या डोळे चुरचुरवणाऱ्या औषधानेच, ते मांस टिकायचं होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मीही सांगितलं नाही. बरं केलंत, असंही म्हणवेना. पाठीमागे दारात जाऊबाई उभ्या होत्या. केमोने डोक्यावरचे केस गेलेले, हातात सुई-दोरा. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि मला मागच्या अंगणात बोलावून नेलं.

“पाण्याने बिघडलं?”

“तपासणी बिघडली. गाठ कशी होती ते त्या बरणीवरून आता कळणार नाही.”

“म्हणजे गोळी मिळेल की नाही?”

“अजून माहीत नाही. पण पहिला तुकडा आहे ना, मी नेला तो. तो मॅडमच्या कपाटात मेणात सुरक्षित आहे. त्यावर परत तपासणी करतील.”

जाऊबाईंनी हातातला दोरा सुईला गुंडाळला. मग म्हणाल्या, “ह्यांना सांगायला हवं.”

“कशाला वहिनी? उगाच मनाला लावून घेतील.”

“लावून घेऊ दे. उद्या शेजारच्या वाडीतल्या कुणाची बरणी असेल, तेव्हा सगळे ह्यांनाच विचारायला येतील, काय करू म्हणून. फुलांचं सगळं ह्यांनाच विचारतात. तेव्हा हे काय सांगतील? पाणी बदल.” त्यांनी डोळे पुसले आणि लगेच आवाज चढवला. “तुझ्या पुस्तकात हे नसतं, लायब्ररी. नवऱ्याला कसं सांगायचं ते मला बघू दे.”

त्यांनी कसं सांगितलं मला माहीत नाही. त्यानंतर एक-दोन रविवार भावजी वाडीच्या टोकाला काम काढून बसले आणि पडवीतल्या बरण्यांचं पाणी जाऊबाईंनी बदललं. त्या घरात ते मी पहिल्यांदा पाहिलं.

मॅडमनी पहिल्या तुकड्यावर तपासणी लावली. त्या दिवसांत तिला वेळ लागे. मी रोज दुपारी त्यांच्या दाराशी जाऊन उभी राही आणि त्या न पाहता “नाही” म्हणत. एका दुपारी त्यांनी नुसतीच खुर्ची सरकवली. सूक्ष्मदर्शकात आता धुकं नव्हतं. ठिपक्यांचं एक रान होतं आणि त्यातले बहुतेक ठिपके विटकरी, तपकिरी, काही तर अगदी गडद. ते काय आहे हे मला कुणी सांगायला लागलं नाही.

“हार्मोनवर वाढणारी आहे,” मॅडम म्हणाल्या. “गोळी सुरू करा. आणि रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड, काचपट्टी ओली होईल.”

मी बाहेर गेले नाही. विचारलं, “मॅडम, म्हणजे आपल्या बायकांच्या गाठी वेगळ्या असतात हे सगळं बरणीचंच आहे का?”

“लगेच उडी मारू नकोस. तरुण पोरींच्या भराभर वाढणाऱ्या गाठी मी इथे रोज बघते, आणि नीट ठेवलेल्या तुकड्यातसुद्धा त्या कोऱ्या निघतात. फरक आहे. पण त्यातला रक्तातला किती, उशिरा येण्यातला किती आणि बरणीतला किती, हे वेगळं काढल्याशिवाय ‘आपल्याकडच्या बायका’ म्हणून बोट दाखवू नये. तुझ्या जावेचा रिपोर्ट कुणाला खटकला नाही, कारण सगळ्यांना तसाच येईल असं वाटत होतं.”

परदेशी ग्रंथांच्या रांगेत इतकी वर्षं बसून मला जे मिळालं नाही ते त्या वासाच्या खोलीत मिळालं. मी सर्जनना दुसरा रिपोर्ट दिला. त्यांनी तो शांतपणे वाचला, पहिला काढून त्याच्या शेजारी ठेवला, आणि गोळी लिहून दिली. “बरं झालं,” म्हणाले. तेवढंच, पण मनापासून.

जाऊबाईंनी रोज गोळी घेण्याची वेळ ठरवली ती भावजींच्या पाणी बदलण्याची. एकीकडे बरण्या विसळल्या जात, दुसरीकडे पेल्यातलं पाणी प्यायलं जाई. भावजी परत बरण्यांकडे आले होते.

काही वर्षं गेली. जाऊबाईंच्या केसांचा परत अंबाडा झाला आणि जिभेची धार होती तशीच राहिली. तेव्हा वसईत एका हौशी मंडळाने ‘स्त्री आणि कर्करोग’ असा कार्यक्रम ठेवला. वक्ते आपल्याकडचेच, पण परदेशात मोठे झालेले तज्ज्ञ. पुष्पगुच्छांची ऑर्डर आमच्या वाडीला होती. जाऊबाई आणि भावजी गुच्छ घेऊन आले, आणि मी टाळ्या वाजवायला. समई पंख्याच्या वाऱ्याने विझत होती. ती पेटेपर्यंत पंखे बंद करावेत हे कुणाला सुचेना, कारण पंखे बंद करण्याचा मान कुणाला द्यायचा हे ठरलं नव्हतं. मग वक्त्यांचा परिचय झाला. परिचय करून देणारे गृहस्थ वक्त्यांच्या बालपणापासून निघाले आणि विद्यापीठापर्यंत पोचता पोचता दमले.

तज्ज्ञ मात्र बरे निघाले. त्यांनी पडद्यावर दोन रंगांचे खांब दाखवले. एका बाजूला तिथल्या बायका, दुसऱ्या बाजूला आपल्या. वय, आकार, रिसेप्टर. आपला रिसेप्टरचा खांब बुटका होता.

जाऊबाई पाठीमागे गुच्छांच्या बादल्यांपाशी उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, “डॉक्टर, एक विचारू?”

अध्यक्ष म्हणाले, “ताई, प्रश्न शेवटी.”

“शेवटी तुम्ही नारळ देणार आणि सगळे वड्यांकडे पळणार.”

सभागृह हसलं. तज्ज्ञांनी हातानेच विचारा म्हटलं.

“ह्या खांबात मी कुठे आहे? मला हा आजार झालेला. माझे रिपोर्ट दोन. एकात रिसेप्टर नाही, दुसऱ्यात आहे. गाठ एकच. तुम्ही कुठला मोजलात?”

“दोन का बरं?”

“बरणीतलं औषधाचं पाणी घरी बदललं गेलं. फुलांचा धंदा आहे आमचा, सवय असते.”

लोक पुन्हा हसले. आणि मग, ज्या माणसाला बाजाराबाहेर चार लोकांत बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं, तो बादल्यांमागून पुढे आला.

“मी बदललं,” भावजी म्हणाले. “आपोआप नाही बदललं गेलं. मी बदललं. मला वाटलं नासेल. ते औषध असतं हे मला माहीत नव्हतं. इथे बसलेल्या कितीजणांना माहीत आहे?”

आता कुणी हसलं नाही. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ मोठ्या लोकांना व्यासपीठावर पुष्कळ गोष्टींचं श्रेय घेताना पाहिलं आहे. चूक अशी सरळ हात वर करून घेणारा हा एकच, आणि तो माझ्या सासरचा. जाऊबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. नवऱ्याचं नाव घेताना लाजणारी ती बाई त्या क्षणी जराही लाजत नव्हती.

तज्ज्ञ म्हणाले, “कुठला मोजला गेला, मला माहीत नाही. बहुधा पहिला.”

“मग आमच्यातल्या किती जणींचा पहिलाच राहिला असेल?”

“तेही माहीत नाही,” ते म्हणाले. मग त्यांनी ठरलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि बरणीत काय असावं, किती असावं, तुकडा कसा कापून ठेवावा, किती लवकर पोचवावा, हे सांगितलं. माझ्या मते कार्यक्रमातलं तेवढंच घरी नेण्यासारखं होतं. अध्यक्षांनी आभार मानताना भावजींचा उल्लेख ‘आपले पुष्पगुच्छवाले’ असा केला.

वडे खाताना लोक तज्ज्ञांच्या भोवती जमले. पण त्यातला एक माणूस भावजींकडे आला. अर्नाळ्याकडचा, होडीवाला. त्याच्या आईचं ऑपरेशन त्याच आठवड्यात होतं. “बरणी माझ्याकडं देतील ना? तिचं काय करू? घरात बर्फ आहे, मासळीचा. त्यात ठेवू?”

जाऊबाईंनी ‘बघ, मी काय म्हटलं होतं’ अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

“बर्फात नको,” भावजी म्हणाले. “उघडायची नाही, पाणी टाकायचं नाही. औषधाचा उग्र वास आला की समजायचं नीट आहे. बरणी हातात आली की तडक माझ्याकडे ये. मी रोज सकाळी मुंबईला जातोच.”

त्यानंतर ते रोजचंच झालं. निर्मळ, अर्नाळा, इकडे आचोळ्यापर्यंतचे लोक येत. कुणी नवरा, कुणी मुलगा, हातात पिशवीत बरणी. भावजी ती फुलांच्या पाटीत ठेवत नसत. वेगळ्या पिशवीत, मांडीवर, उभी धरून नेत; दादरला पाटी उतरवायच्या आधी ती प्रयोगशाळेत पोचवत. कधी उशीर झाला तर फुलांचा भाव पडे. त्यावर घरात कुणी चकार शब्द काढला नाही.

एका सकाळी मी निर्मळला होते. पडवीत चाफ्याच्या बरण्यांच्या शेजारी कुणाचीतरी ती दुसरी बरणी होती, घट्ट झाकणाची. भावजी पाणी बदलत होते. जाऊबाई पेला घेऊन बसल्या होत्या. आवाज न करता त्यांनी गोळी गिळली, आणि मग शेवटच्या बरणीकडे बोट दाखवून नवऱ्याला म्हणाल्या,

“ती सोडून बरं का.”

“माहीत आहे,” भावजी म्हणाले आणि ती बरणी पिशवीत घालून दादरला निघाले.